कलिंगडाचा बर्फ

२ मे

ताई,

मायना-बियना लिहीत बसत नाही. एकवीस वर्षांनी पत्र लिहितोय, तर सरळ मुद्द्याचं लिहितो. माझी बायको आणि माझी पोरगी तुझ्याकडे आहेत. नाही म्हणू नकोस. आमच्या खालच्या शिंपीणबाईंनी बायकोच्या हातात तुझा पत्ता लिहिलेली चिठ्ठी पाहिली, आणि त्या बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझा पत्ता तिला मिळाला कुठून, ते मात्र कळत नाही.

तिने तुला काय काय सांगितलं असेल, देव जाणे. झालं ते एवढंच. भांडण झालं. कोणाच्या घरात होत नाही? मी एक कानाखाली दिली, ती मागे सरकली, दार आपटलं आणि तिचा हात दारात सापडला. अगं, दारं बसवायचाच धंदा आहे माझा. दहा वर्षांत माझीच बोटं चार वेळा चेचलीत, म्हणून मी काय घर सोडून पळालो? गल्लीतल्या डॉक्टरांना विचारून आलो. त्यांनीही कागदावर हेच लिहिलंय, दारात हात सापडला. तिनेच तसं सांगितलं त्यांना.

मी तासाभरासाठी बाहेर गेलो होतो, जरा काही आणायला. परत येतो तर घरात चिटपाखरू नाही. पोरीची चप्पल तशीच दारात. अनवाणी नेलं पोरीला, मे महिन्याच्या उन्हात! याला आईपण म्हणतात?

आणि तुझं काय मध्येच? आई गेली तेव्हा मावशीकडून तुला कळवलं होतं. आली नाहीस. शेवटचे चार महिने ती दाराकडे डोळे लावून बसायची, आणि तू दोन ओळी लिहायची तसदी घेतली नाहीस. तेव्हा नातं आठवलं नाही, आता माझ्या बायकोला घरात घेताना बरं आठवलं!

रविवारी येतोय. भिंगरीसाठी कलिंगडाचा बर्फ करून आणतो, अप्पा करायचे तसा. तिला फार आवडतो. दार उघड. नाही उघडलंस तर मला किल्ली लागत नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझा भाऊ


९ मे

ताई,

दाराचं वाईट वाटलं. तुझं नाही, दाराचं. एवढा चांगला लाकडी पल्ला, आणि चौकटीत दीड इंची स्क्रू! ज्याने बसवलं त्याला माझ्याकडे पाठव, चार धपाटे घालतो. तिसऱ्या लाथेला कडीची पट्टी चौकटीतून निघून आली. मला वाटलं होतं दहा तरी लागतील.

पण आत तू इस्त्री घेऊन उभी असशील, हे काही डोक्यात आलं नव्हतं. धुलाईच्या दुकानात काम करतेस म्हणे, म्हणून इस्त्री अशी हाताशी तापलेली असते का गं? किंचाळली नाहीस, शिवी दिली नाहीस. शर्टाची बाही दाबतात तशी माझ्या दंडावर टेकवलीस आणि दाबलीस. चामडी इस्त्रीला चिकटून आली, ते तू पाहिलंस. मी पाहिलं की तुझा जबडा अजून डावीकडे वाकडा आहे. पहिल्यांदाच जवळून पाहिला, आणि माझी लाथ कुठल्या कुठे गेली.

मग मी मागे पडलो आणि डबा सुटला. चार तास खपून केलेला बर्फ जिन्यावरून घरंगळत गेला. लालेलाल पाणी पायऱ्यांवरून ओघळायला लागलं, तशी तुझ्या खालच्या मजल्यावरची बाई ओरडली, "मेला गं मेला! मुडदा पाडला!" मला हसूच आलं. दंड भाजून निघालाय आणि मी पायरीवर बसून खो खो हसतोय. तुम्ही सगळ्यांनी मला वेडा ठरवलं असेल.

भिंगरी तुझ्या मागे उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. ती सांडलेल्या बर्फाकडे बघत होती, आणि मग दोन्ही कान झाकून रडायला लागली. बर्फ सांडला म्हणून रडली बिचारी. लहान आहे.

तिला सांग, पुन्हा करून आणतो. पुढच्या रविवारी येईन. या वेळी पहार आणीन, आणि तुझी ती इस्त्री तुझ्याच डोक्यात घालीन. लेकरू माझं आहे.

तुझा भाऊ


१६ मे, दुपारी एक

ताई,

रविवारी आलो नाही. पहार काढून दाराशी ठेवली होती, अजून तिथेच आहे. शनिवारी तुझं पत्र आलं.

चार-पाच ओळी लिहिल्यास. त्या इथे पुन्हा उतरवून काढतो, कारण मी मध्येच भलतंसलतं लिहून पळ काढीन अशी माझीच मला भीती वाटते. तू लिहिलंस: "तिच्या मनगटात दोन तारा घातल्यात. भिंगरी दोन आठवडे धड जेवलेली नाही. मी कलिंगड आणलं, तर ते बघून मोरीत जाऊन ओकली. म्हणते, माझ्यामुळे झालं. का म्हणते ते सांगत नाही. तुला माहीत असेल तर लिही. तुला घरात येऊ देणार नाही, पण पत्र वाचीन."

मला माहीत आहे. तिच्या आईला नाही, तुला नाही, मलाच तेवढं माहीत आहे.

आज कामावर गेलो नाही. बर्फ लावून बसलोय. खायला कोणी नाही, तरी लावलाय. अर्ध्या अर्ध्या तासाने उठून तो खरवडावा लागतो, त्यामुळे घर सोडून जाता येत नाही. मी गेलो असतो तर सरळ तुझ्या दारात आलो असतो. गर कुस्करला, बिया काढल्या, गाळला, साखर घातली, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं. अप्पांचं पसरट ताट आधी गार करून घेतलं आणि रस त्यात ओतून बर्फाच्या कप्प्यात सरकवला. हात आपोआप चालतात. याला डोकं लागत नाही.

दीड

कडा धरल्यात. काट्याने खरवडून मध्ये ओढल्या आणि ताट परत आत टाकलं. अप्पा म्हणायचे, "जोर लावायचा नाही. जोर लावला की चिखल होतो." हे कोण सांगतंय बघ! सकाळी आईला केसाला धरून मोरीच्या कठड्यावर आपटणारा माणूस दुपारी मला सांगायचा, जोर लावायचा नाही.

तुला आठवत असेलच. मारून झालं की अप्पा गप्प व्हायचे, शर्ट बदलायचे आणि कलिंगड आणायला जायचे. मग सगळी दुपार घरात. अर्ध्या तासाने उठायचे, काटा खर्र खर्र वाजायचा. आईचा डोळा सुजलेला, तुझ्या पाठीवर पट्ट्याचे वळ, आणि अप्पा वाट्या मांडायचे. आधी आईला, मग तुला, मग मला. "खा गं, गार आहे, बरं वाटेल." तू कधी खाल्ला नाहीस. तुझी वाटी मी खायचो.

मला तो आवडायचा, ताई. जीव जायचा माझा त्या बर्फावर. आणि त्या दुपारी अप्पा किती चांगले वागायचे! मला मांडीवर घ्यायचे, काटा हातात द्यायचे. एरवी वर्षभर त्यांनी मला कधी जवळ घेतलं, सांग.

दोन

दुसऱ्यांदा खरवडला. अजून ओला आहे.

लिहितो. आठ वर्षांचा होतो मी. मूर्ख नव्हतो. मार झाला की बर्फ होतो, हे मला कळलं होतं. बर्फ हवा तर कोणीतरी मार खायला हवा, हेही कळलं. मग मी सांगायला लागलो. ताईने तुमचा आरसा फोडला. ताई शाळेतून उशिरा आली. कधी खरं, कधी साफ खोटं. तू मला शेपूट म्हणायचीस, कायम तुझ्या मागे मागे असायचो म्हणून. तुला काय माहीत, शेपूट मागे मागे का असायचं!

तुझ्याच वाट्याला मार यावा असं काही नव्हतं. आईला मारताना बघवायचं नाही, म्हणून तुझं नाव घ्यायचो. एवढाच विचार. मला लाज वाटते हे लिहिताना, आणि लाज वाटते म्हणून मी आत्ता उठून भिंतीवर मूठ हाणून आलो. बोटांच्या पेरांतून रक्त येतंय, कागदाला लागलंय. जिन्यावरचं ते लाल पाणी कलिंगडाचं होतं, हे मात्र खरं रक्त आहे.

अडीच

आता मुख्य.

त्या उन्हाळ्यात बावीस दिवस बर्फ झाला नव्हता. मी मोजत होतो. आणि जिन्याखालच्या फळकुटांमागे मला तुझी पिशवी दिसली. दोन फ्रॉक, कंगवा, मावशीकडे जायचं बसचं तिकीट. पिशवी आईने शिवली होती, तिचा टाका मी ओळखला. तुम्हा दोघींचं ठरलेलं होतं. तू सुटणार होतीस, ताई. दोन दिवसांनी.

मी अप्पांना सांगितलं. ते दाढी करत होते. मी जाऊन म्हटलं, "अप्पा, ताईची पिशवी भरलीय."

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बर्फाचं ताट धुऊन उभं ठेवलेलं होतं, तेच त्यांनी उचललं आणि आडवं, कडेने, तुझ्या तोंडावर मारलं. एकदाच. आवाज ताटाचा आला असं मला वाटलं. ताटाला एक पोचा पडला, तो अजून आहे, रस तिथे थोडा जास्त साचतो. तुझा जबडा लोंबत होता आणि तू हाताने तो वर धरून आईकडे बघितलंस. आईकडे! कारण पिशवीचं फक्त आईलाच माहीत होतं.

आणि आई मूग गिळून गप्प बसली. माझ्याकडे एकदा बघितलं तिने, मी अप्पांच्या मागे उभा होतो. तिला तिथेच कळलं. पण तिने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस, आणि मी आठ वर्षांचा होतो. एकवीस वर्षं तू तिला फितूर समजलीस, आणि ती ते अंगावर घेऊन गेली. पहिल्या पत्रात मी तुला तिच्यावरून टोमणे मारले ना? मारताना मला सगळं ठाऊक होतं. असा आहे मी.

तुझा पत्ता माझ्या बायकोला तिनेच दिला असणार. शेवटी शेवटी दोघींची फार कुजबुज चालायची. आईने पुन्हा एकदा पिशवी शिवली, आणि या वेळी मला दिसली नाही.

तीन

आता भिंगरी.

मी अप्पांसारखा नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. मी पीत नाही, पट्टा वापरत नाही. बायकोवर हात उचलला तर नुसता हात. आणि मग कलिंगड आणायचो. पहिल्यांदा आणलं तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही मी काय करतोय. भिंगरीला मांडीवर घेतलं, काटा तिच्या हातात दिला, म्हटलं, "जोर लावायचा नाही." ताट आधी गार करायचं असतं, हेही मीच शिकवलं.

त्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. भिंगरी जिन्यातच धावत आली. "बाबा, आईने तुमची पटाशी मोडली! डबा उघडायला घेतली आणि मोडली!" माझी ती पटाशी तुला माहीत नाही. लाकूड तासायची, माझ्या उस्तादाने दिलेली, कोणाला हात लावू देत नाही मी. डोक्यात तिडीक गेली. एक शब्द विचारला नाही. एक नाही, चार कानाखाली दिल्या. ती आतल्या खोलीत पळाली, दार लोटायला लागली, तिचा हात चौकटीवर होता. मला दिसत होता. मी दार धरलं आणि लावलं. पूर्ण जोर लावून. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. मी पुन्हा लावलं.

सापडला नाही तो हात. मी चेचला.

मग मी गप्प झालो. शर्ट बदलला. ताट काढायला फळीवर हात घातला तर ताट नव्हतं. बर्फाचा कप्पा उघडला. ताट आत होतं, गारेगार झालेलं. ओट्यावर काटा आणि तीन वाट्या मांडलेल्या. भिंगरी स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती. मी यायच्या आधीपासून ताट आत होतं, ताई. तेवढं गार व्हायला तासभर लागतो.

पटाशी माझ्याच पिशवीत होती. शाबूत.

आणि तरी मी कलिंगड आणायला गेलो! तुला लिहिलं ना, जरा काही आणायला गेलो होतो? कलिंगड आणायला. टिचकी मारून मारून चांगलं निवडलं. पायांना सवय, पाय चालत गेले. बायकोला माहीत होतं, तेवढा एक तास मी घरात नसतो. त्या तासात ती निघाली. आत्ता लिहिताना वाटतंय, शाबास तिची.

साडेतीन

झाला. छान मोकळा झालाय, चिखल नाही. मी तो मोरीत ओतला आणि वरून गरम पाणी सोडलं.


१८ मे

ताई,

ताट पत्र्याच्या कात्रीने कापून टाकलं. त्याची तुझ्या चौकटीला पट्टी करून पाठवावी असं मनात आलं होतं, पण अ‍ॅल्युमिनियम मऊ, दाराला कुचकामाचं. म्हणून सोबत पोलादी पट्टी आणि चार इंची स्क्रूंची पुडी पाठवतोय. सुतार बोलाव, पण मागे उभी राहून करवून घे. पट्टी कडीच्या जागेपुरती नको, हातभर लांब हवी, आणि स्क्रू चौकटीतून आरपार भिंतीत गेले पाहिजेत. दीड इंचीवर भागवायला निघाला तर त्याला हाकलून दे. बिजागऱ्यांच्या बाजूलाही तेच स्क्रू घाल, लोक ती बाजू विसरतात. दारात बाहेरचं बघायला एक भिंग बसव, भिंगरीच्या उंचीचं नको, तुझ्या उंचीचं. एवढं झालं की ते दार मलाही मोडता येणार नाही. मी मनात दोनदा मोडून बघितलं.

परवाचं पत्र जपून ठेव. डॉक्टरांच्या कागदावर खोटं आहे, त्या पत्रात खरं आहे. माझ्या बायकोला चौकीवर जायचं असेल तर दोन्ही घेऊन जाऊ दे. मला बोलावलं तर जाईन आणि तेच सांगेन. आता भीती वाटते, पुढे कदाचित उलटेन, म्हणून आजच ते वेगळ्या कागदावर थोडक्यात लिहून, पूर्ण सही करून सोबत ठेवतोय.

भिंगरीला हे वाचून दाखव, अगदी असंच. भिंगरे, तू खोटं बोललीस, ते बारीकसं खोटं होतं. तुला बर्फ हवा होता. बर्फ हवासा वाटणं यात काही पाप नाही. दार बाबाने लावलं. तू दाराला हातसुद्धा लावला नव्हतास. तू काहीही सांगितलं असतंस तरी विचारणं बाबाचं काम होतं, आणि बाबाने विचारलं नाही. तुझ्यामुळे झालं नाही. बाबामुळे झालं. ताई, ती मान हलवेपर्यंत वाचत राहा. मला हे कोणी वाचून दाखवलं नाही.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही. आईची मात्र तू माग, मनातल्या मनात का होईना. तिने सांगितलं नव्हतं.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐक. मी येईन. आज वाटतं येणार नाही, पण मी मला ओळखतो, येईन. शिव्या देत, लाथा घालत आलो तर घाबरू नकोस, दार टिकेल. पण एखाद्या दुपारी मी धुतलेला शर्ट घालून येईन, हळू आवाजात हाक मारीन, रडेनसुद्धा, आणि खरंच रडेन. भिंगातून बघ. माझ्या हातात कलिंगड असेल तर दार उघडू नकोस.

शेपूट